मुंबईहून क्रूझ, सोबत सत्तरीपुढचे आईवडील: खोली कुठली घ्यावी, बोट लागेल का, गोव्याचा थांबा फुकट जातो का?

फोंडेकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा बेत आहे. आम्ही सहाजण: आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे), आम्ही दोघं, मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची. आईला अनमोडच्या घाटात गाडी लागते, तिचे गुडघेही दुखतात. बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. आई सोमवारी आणि एकादशीला शिवराक, म्हणजे शाकाहारी.

विचारायचं ते असं. खोल्या किती आणि कुठल्या मजल्यावर घ्याव्यात? आईला बोट लागेल का? एक फेरी मुंबई–गोवा–मुंबई आहे, दुसरी लक्षद्वीपला जाते. गोव्याच्या माणसाने गोव्याला येणारी फेरी घेणं म्हणजे पैसे वाया, असं घरात एक मत आहे. आणि जाहिरातीत दिसतो त्या भाड्यावर प्रत्यक्षात आणखी काय काय भरावं लागतं?

मुरगावचा तांडेल

फोंडेकरबाब, सुरुवात खोलीपासून करा, कारण आईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. लाटेवर जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक, डाव्या-उजव्या कुशीवर डोलतं. दोन, नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक वर उचललं जाऊन खाली बसतं. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच आवरतात. नाळेचं वर-खाली होणं मात्र त्यांच्या हातात नसतं. शिवाय ते वाहत्या पाण्याच्या जोरावर काम करतात, त्यामुळे जहाजाचा वेग उतरला की त्यांचाही जोर उतरतो. म्हणून खोली लांबीच्या मधोमध आणि शक्य तितकी खालच्या डेकवर घ्यायची. सी-सॉच्या मध्यावर बसलेल्याला जसं फारसं हलत नाही, तसंच हे. नाळेकडच्या खोलीत नांगर सोडताना साखळीचा खडखडाट येतो, मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्याची थरथर जाणवते.

बुकिंगपूर्वी कंपनीच्या साइटवरून डेकचा नकाशा उतरवून घ्या आणि खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते पाहा. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर निश्चिंत. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू होतो. वर स्वयंपाकघर असेल तर पहाटे चारपासून ट्रॉल्या. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत ढोल. लिफ्टपासून पाच-सहा दारं दूर असलेली खोली उत्तम: गुडघेदुखीला चाल कमी आणि लिफ्टसमोरच्या गप्पाही ऐकू येत नाहीत.

‘गॅरंटी’ नावाचं स्वस्त भाडं दिसेल, त्यात खोलीचा नंबर कंपनी शेवटी ठरवते. तुमच्या घरच्यांसाठी ते घेऊ नका. चार पैसे वाचतील आणि आई नाळेच्या टोकाला जातील.

खोल्या दोनच पुरतात, पण वाटणी नीट करा. बहुतेक खोल्यांत खाली दोन पलंग आणि भिंतीतून उघडणारे वरचे एक-दोन बर्थ असतात. एका खोलीत दोन मोठी माणसं आणि दोन मुलं घातली तर चार बॅगा उघडायलाही जागा राहत नाही. आतली, बिनखिडकीची साधी खोली साधारण १२ ते १५ चौरस मीटरची असते. आजी-आजोबांबरोबर मुलगी आणि तुमच्याबरोबर मुलगा, अशी तीन-तीनची वाटणी करा. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. एरवी त्या दारातून शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं म्हणून लोक अशा खोल्या टाळतात, तुम्हाला मात्र तेच दार हवं आहे. नंबर फोनवर सांगून बुक करा, साइटवर त्या वेगळ्या दिसतीलच असं नाही.

बाल्कनीचा हट्ट सोडा. आपल्या किनाऱ्यावर धावणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज १९९० साली बांधलेलं आहे, त्या पिढीच्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आणि त्याही वरच्या मजल्यांवर, जिथे डोलणं जास्त. तोच समुद्र मोकळ्या डेकवर सगळ्यांना सारखाच दिसतो.

आता हवामान. जानेवारी चांगला निवडलात. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ आणि २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आपल्याच किनाऱ्यासमोरून गेली. जानेवारीत तेवढी भीती नाही, पण समुद्र तळ्यासारखाही नसतो. हिवाळ्यात इराणी आखाताकडून ‘शमाल’ वाऱ्याच्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. दक्षिणेला उतरताना त्या पाठीमागून येतात, फारसं कळत नाही. परत मुंबईकडे जाताना त्याच समोरून येतात आणि नाळ उचलायला लागते. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी परतीच्या रात्रीची तयारी जास्त ठेवावी. निघण्याआधी तीन दिवस हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेच्या साइटवर लाटांच्या उंचीचा अंदाज पाहत जा. मच्छीमारांसाठीच असतो, सगळ्यांना खुला आहे.

राहिला गोव्याचा थांबा. मुंबई ते गोव्याचं मुरगाव बंदर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, एका रात्रीचं अंतर. जहाज धक्क्याला लागलं की बहुतेक प्रवासी जुनं गोवें, मंगेशी, किनारे बघायला उतरतात आणि जहाज रिकामं होतं. तुम्ही उतरूच नका. एरवी ज्याला रांग लागते ते सगळं, पूल, स्पा, मुलांचा क्लाइंबिंग वॉल, त्या पाच-सहा तासांत मोकळं असतं. जहाज धक्क्याला स्थिर असल्यामुळे आईंनाही तो दिवस विश्रांतीचा. गोवेकरासाठी हा थांबा फुकट जात नाही, उलट फेरीतला सगळ्यात निवांत दिवस तोच.

सागरिका

खोलीबद्दल तांडेलांशी सहमत, फक्त एक दुरुस्ती. आईंसाठी खिडकीची खोली घ्या, आतली नको. गाडी लागणाऱ्याला कान सांगतो ‘हलतंय’ आणि डोळे सांगतात ‘स्थिर आहे’, या भांडणातून मळमळ सुरू होते. क्षितिज दिसलं की दोघांचं एकमत होतं. आतल्या खोलीत दिवा घालवला की मिट्ट काळोख. वयस्कर माणूस रात्री उठला तर दार कुठे आणि न्हाणीघर कुठे ते समजत नाही. खिडकी असो-नसो, बॅटरीवर चालणारा एक लहान दिवा न्या. आणि न्हाणीघराच्या दाराशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंच उंबरठा असतो. पहिल्याच दिवशी आई-बाबांना त्यावरून दोनदा ये-जा करायला लावा, पायाला सवय होते. ठेच लागून पडण्याची जागा तीच.

औषध घरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साधारणपणे मेक्लिझिन किंवा अव्होमिन देतात. दोन्हींनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती चालतीलच असं नाही, आणि रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी वाढून तोल जाऊ शकतो. घरी एकदा रात्री घेऊन पाहा, किती झोप येते ते कळेल. सगळ्यात जास्त चुकतं ते वेळेत: उलटी झाल्यावर गोळी घेतली तर ती पोटात टिकत नाही. जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची. अव्होमिन बरेच डॉक्टर आदल्या रात्रीच सांगतात.

लक्षणं ओळखायला शिका. आधी जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर थंड घाम येतो, माणूस गप्प होतो. मळमळ त्यानंतर. जांभयांवरच माणसाला मोकळ्या डेकवर जहाजाच्या मध्यावर न्यायचं, क्षितिजाकडे बघत बसवायचं, हातातला मोबाइल काढून घ्यायचा. पोट रिकामं ठेवू नका; कोरडी बिस्किटं, आल्याची वडी, भात चालतो. पातळ पेज आणि मीठ मागितलं तर स्वयंपाकघरातून मिळू शकते, पहिल्याच जेवणात वेटरला सांगून ठेवा. तळलेलं आणि मद्य त्या दिवशी दूर. उतरल्यावर एक-दोन दिवस घरातली जमीन हलल्यासारखी वाटेल, ते आपोआप जातं. आठवडाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

बाबांचं इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, टॅग लावून दिलेल्या बॅगेत कधीच नाही. धक्क्यावर दिलेली बॅग खोलीत पोचायला तीन-चार तास लागू शकतात आणि त्यात दुपारचा डोस येतो. खोलीतला छोटा फ्रिज अनेकदा नुसता पेयं गार ठेवण्यापुरता असतो. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे एसी खोलीच्या तापमानात राहतं, जास्तीचं जहाजाच्या दवाखान्यात ठेवायला द्या. वापरलेल्या सुयांसाठी खोलीच्या स्टुअर्डकडून बंद डबा मागा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच.

बुफेत साखर चढते ती गोडामुळे, तशीच जेवणाच्या वेळा हलल्यामुळेही. मुख्य डायनिंगला रात्री दोन पंगती असतात, बुकिंगच्या वेळीच पहिली मागून घ्या. शिवराक आणि जैन जेवण या फेऱ्यांवर सहज मिळतं. आपल्या फेरीतला सोमवार किंवा एकादशी कुठल्या दिवशी येते ते आधी पंचांगात पाहून कळवा. आईंना कांदा-लसूण चालतो की नाही, तेही.

हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या साथी बहुधा नोरोव्हायरसच्या असतात आणि सॅनिटायझरचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. बुफेच्या चमच्यांना सगळ्यांचे हात लागतात.

पेडण्याचो

कागदपत्रांचं मी सांगतो, कारण गोव्यातल्या माणसाचं तिथेच अडतं. देसाई एका कार्डावर एका ‘एस’ने, दुसऱ्यावर दोन ‘एस’ने. नाईक कुठे ‘के’ने संपतो, कुठे ‘क्यूयूई’ने. वडिलांच्या जुन्या दाखल्यावर ‘सिनाय’, आधारवर ‘शेणॉय’. बुकिंग ज्या कार्डाने धक्क्यावर जाणार त्याच कार्डावरच्या स्पेलिंगने करा, सहाही जणांचं, अक्षर न् अक्षर. मूळ कार्ड न्या, नुसता मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल असं धरू नका. मुलांचं ओळखपत्रही लागतं. घरात कुणी पोर्तुगीज पासपोर्टवर असेल तर तो आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) दोन्ही. लक्षद्वीपच्या फेरीत अशांसाठी परवान्याचे नियम वेगळे, ते आधी विचारा.

मुंबईत पोचणं. जहाज सुटतं बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलवरून, जवळचं स्टेशन सीएसएमटी. मडगावहून कोकणकन्या संध्याकाळी निघून पहाटे सीएसएमटीला लागते, बोर्डिंग दुपारी. गाडी तीन तास उशिरा आली तरी चालतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सहा जागा आणि त्यात दोन लोअर बर्थ हव्यात म्हणजे त्याच सकाळी बसा. विमानाने जाणार तर तिकिटावर मोपा की दाबोळी ते दोनदा बघा. फोंड्याहून दोन्ही दोन दिशांना आहेत आणि भाडं स्वस्त दिसलं म्हणून चुकीच्या विमानतळाचं तिकीट निघणं इथे नेहमीचं. बोर्डिंगचं गेट जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधी बंद होतं, जहाज कुणासाठी थांबत नाही.

परतीचं बहुतेक जण विसरतात. जहाज सकाळी मुंबईला लागलं तरी उतरायला नऊ-दहा वाजतात. मांडवी, तेजस, जनशताब्दी, वंदे भारत या सगळ्या सीएसएमटीहून त्याआधीच सुटलेल्या असतात. म्हणजे दुपारनंतरचं विमान, किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारची मत्स्यगंधा, किंवा रात्रीची कोकणकन्या. कोकणकन्या घेतलीत तर दिवसभर वयस्कर माणसांना आणि बॅगांना ठेवणार कुठे, ते आधी ठरवा. विमानच बरं.

फोंडेकर

मनापासून आभार. खिडकीच्या दोन खोल्या मध्यावर, हे पक्कं. जहाजाने परत मुंबईला जाऊन तिथून घरी येण्याऐवजी वाटेत मुरगावलाच उतरता येईल का? आणि लक्षद्वीपचा मोह अजून सुटत नाही, मुलांना पोवळी बघायची आहेत.

मुरगावचा तांडेल

कंपनीने त्या फेरीत मुरगाव हे चढण्या-उतरण्याचं बंदर म्हणून विकलं असेल तरच. थांब्यावर फिरायला उतरून सामानासकट घरी गेलेला प्रवासी यादीत ‘परतला नाही’ असा दिसतो. मग शोधाशोध होते आणि मागे राहिलेल्यांचा वेळ जातो. बुकिंगआधी लेखी विचारा. मुरगावला चढून मुंबईला उतरायची किंवा उलट अशी एकेरी फेरी मिळाली तर तुमच्यासाठी ती सगळ्यात सोयीची, एका बाजूचा रेल्वेचा खटाटोपच वाचतो.

लक्षद्वीपबद्दल स्पष्ट सांगतो: आईंचे गुडघे बघता या वर्षी नको. तिथल्या अगत्ती बेटाच्या भोवती पोवळ्यांचा कडा आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच उभं राहतं आणि लहान बोटींनी माणसं नेतात. जहाजाच्या पोटातल्या दारातून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. बोट वर येऊन फळीच्या पातळीला आली की त्याच क्षणी, खलाशाला मनगटाऐवजी कोपराच्या खाली हात देऊन. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर. दुखऱ्या गुडघ्यांना तो क्षण साधत नाही. चाकाची खुर्ची तर बहुधा उतरवतच नाहीत. लाटा वाढल्या की कप्तान उतरणंच रद्द करतो, करारात तशी सोय असते आणि भरपाई फार तर बंदर-शुल्काची मिळते. मुलांना घेऊन तुम्ही दोघं जाणार आणि आई-बाबा जहाजावर राहणार, हे सगळ्यांना मान्य असेल तर जरूर जा. परवाना कंपनी काढते, कागद बरेच आधी मागतात. बंगाराम सोडलं तर बेटांवर दारूबंदी आहे. आणि मुलांना आधीच बजावा, पोवळ्याचा तुकडाही खिशात घालायचा नाही. वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

हिशेबनीस

खर्चाचं राहिलं म्हणून लिहितो. जाहिरातीतलं भाडं बहुतेक वेळा दोघांच्या खोलीत माणशी असतं. त्यावर बंदर-शुल्क, सेवाशुल्क म्हणजे टिप, आणि जीएसटी चढतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, पण बंदर-शुल्क त्याचंही भरावं लागतं. त्यामुळे तीन-तीनच्या दोन खोल्या विरुद्ध दोन-चार, दोन्हींचे शेवटच्या पानावरचे आकडे मांडून बघा. जाहिरातीच्या पानावरचे नाही.

भाड्यात सहसा येतं: मुख्य डायनिंग आणि बुफे, बरेचसे कार्यक्रम, पूल. येत नाही: मद्य, बाटलीबंद पेयं, खास रेस्टॉरंट, स्पा, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली, दवाखाना. दवाखान्यात आपला कॅशलेस विमा चालत नाही, बिल थेट खोलीच्या खात्यावर पडतं. समुद्रातून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरणारा प्रवास विमा बाबांसाठी वेगळा काढा, मधुमेह त्यात स्पष्ट लिहून. लपवलात तर दावा फेटाळतात.

पेयांचं पॅकेज घेण्याआधी दिवसाची किंमत एका पेयाच्या किमतीने भागा. जे उत्तर येईल तितके ग्लास रोज, प्रत्येक मोठ्या माणसाने घ्यायला हवेत, कारण बऱ्याच कंपन्या एका खोलीतल्या सगळ्या प्रौढांना पॅकेज घ्यायला लावतात. आजी-आजोबांच्या खोलीत ते घेऊच नका.

मोबाइल: किनारा दिसेनासा झाला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाच्या उपग्रह-रोमिंगला आपणहून चिकटतो. त्याचे दर आपल्या प्लॅनमध्ये नसतात, मागाहून मोठं बिल येतं. बंदर सोडताच सहाही फोन एअरप्लेन मोडवर, मग हवं तर वाय-फाय. मुलांच्या फोनचं हे स्वतः तपासा.

सामानात अगरबत्ती, निरांजन, इस्त्री, किटली, चाकू ठेवू नका, काढून घेतात. आईंना पूजा करायची तर बॅटरीचा दिवा न्या. धुराचा डिटेक्टर कापरालाही वाजतो. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही. जहाजाची वायरिंग घरासारखी नसते, त्यात तो तापून आग लागू शकते. साधा बहुमुखी यूएसबी चार्जर न्या. खोलीच्या भिंती पोलादी असतात, चार-पाच लोहचुंबकाचे हूक नेलेत तर ओले टॉवेल आणि टोप्या टांगायला जागा होते.

सुटण्याआधी बचावाची कवायत सगळ्यांना सक्तीची. इटलीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ २०१२ साली बुडाल्यानंतर नियम कडक झाला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत व्हायलाच हवी. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांना पाठ करून द्या. खोलीत शिरताच मुलीच्या मापाचं लाइफजॅकेट आहे का पाहा. नसेल तर स्टुअर्डकडून लगेच मागून घ्या, आणि जमायच्या ठिकाणापर्यंत आई-बाबांना एकदा जिन्याने चालवून बघा, कारण संकटात लिफ्ट बंद असतात. जिना झेपत नसेल तर रिसेप्शनवर नाव नोंदवा, त्यांना न्यायला माणूस नेमतात.

शेवटच्या रात्री खात्याचं बिल मागून ओळ न् ओळ तपासा. न घेतलेलं मिनीबार आणि दोनदा लागलेली टिप या दोन चुका नेहमी दिसतात. सकाळी तिथे रांग असते आणि बॅगा आधीच खाली गेलेल्या असतात, म्हणून हे रात्रीच उरकायचं.

मुंबईच्या पाहुण्यांसाठी फेणी न्यायची असेल तर जहाजावर चढताना ती ठेवून घेतात. गोव्याबाहेर नेण्याचा अबकारी परवाना दुकानातच करून घ्या, बाटलीसोबत पावती ठेवा.